आधी थांबणारा शिपाई

धाटावच्या औद्योगिक वसाहतीकडे निघालेला रसायनाचा टँकर रोहा-कोलाड रस्त्यावर कलंडला, तर तिथे आधी पोहोचतात आजूबाजूचे गावकरी आणि त्यांच्या मागोमाग पोलीस ठाण्याचा एखादा शिपाई किंवा हवालदार. अग्निशमन बंब, कारखान्याचे सुरक्षा अधिकारी, १०८ ची रुग्णवाहिका यांना वेळ लागतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बटालियनचा तळ तर घाटावर, पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याला. म्हणजे सुरुवातीची मोलाची मिनिटे त्या एका वर्दीच्या हातात असतात. ती कशी वापरायची हे त्याला येते का आणि येते हे कुणी पारखून पाहिले आहे का, हा रोहेकरांच्या जिवाशी निगडित प्रश्न आहे.

अपघात दिसला की धावत जावे ही माणुसकी, आणि पोलिसाकडून लोकांची अपेक्षाही तीच. रसायनाच्या बाबतीत मात्र पहिले कौशल्य थांबण्याचे. वारा कुठून येतो ते पाहायचे, त्याच बाजूला लांब उभे राहायचे आणि टँकरवरची पाटी वाचायची. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ती बंधनकारक केली आहे. तिच्यावर चार आकडी यूएन क्रमांक असतो: १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ अमोनिया, १२३० मिथेनॉल, १८३० सल्फ्युरिक आम्ल. सोबतच्या छोट्या संकेतातला पहिला अंक काय मारायचे ते सांगतो. २ असेल तर पाण्याचा बारीक फवारा, ३ असेल तर फेस, ४ असेल तर पाणी अजिबात नको. शेवटी इंग्रजी ‘ई’ असेल, तर आसपासची वस्ती हलवण्याचा विचार लगेच करायचा.

पाटी वाचली की पुढचे निर्णय बदलतात. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड. तो ओढ्यात, खोलगट भागात, नदीपात्राकडे उतरतो. म्हणून लोकांना उंचावर आणि वाऱ्याला आडवे न्यायचे. मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसतच नाही. ‘आग कुठे आहे?’ म्हणत गर्दी पुढे सरकते, मोबाईल बाहेर निघतात. धाटावमध्येच डिसेंबर २०२४ मध्ये एका कारखान्यातील मिथेनॉलच्या टाकीचा स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. नागोठण्याच्या पेट्रोरसायन प्रकल्पातील नोव्हेंबर १९९० चा स्फोट जुन्या लोकांच्या स्मरणात असेल. वायुगळतीतून झालेल्या त्या दुर्घटनेत तीसहून अधिक जण गेले.

ब्रिटनमध्ये पोलिसांना यासाठी एक साधा नियम शिकवला गेला आहे. कारण कळत नसताना एक माणूस पडलेला दिसला तर नेहमीसारखे जवळ जा, दोन दिसले तर सावधपणे, तीन किंवा अधिक दिसले तर पुढे पाऊल टाकू नका, आधी कळवा. कळवणे हेही कौशल्यच. नेमकी जागा, घटना काय, धोका कसला, मदतीच्या गाड्यांनी कोणत्या रस्त्याने यावे, जखमी अंदाजे किती, कोण कोण हवे, एवढे बिनतारीवर एका दमात सांगता आले पाहिजे. ‘मोठा अपघात आहे, लवकर या’ यातून कंट्रोल रूमला काहीच कळत नाही.

शिपायाच्या मूलभूत प्रशिक्षणाचे महिने कवायत, कायदा, शस्त्रे यांत भरून जातात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. झडती-जप्तीचे चित्रीकरण, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांची घटनास्थळी भेट यांची त्यात भर पडली. ओझे खरोखरच मोठे आहे. तरीही कौशल्य पारखता येते, हे आपल्याच पोलिसांनी दाखवले आहे. पोलीस कर्तव्य मेळाव्यात पुरावा उचलून सीलबंद करण्यापासून श्वानपथकापर्यंत प्रत्यक्ष करून दाखवावे लागते, गुण मिळतात. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात, ती इतकी नेटकी होते कारण तिची तालीम झालेली असते.

रसायनांच्या बाबतीतही कायद्याला तालीम अपेक्षित आहे. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे कारखान्याबाहेरच्या आपत्कालीन आराखड्याची रंगीत तालीम वर्षातून किमान एकदा व्हायला हवी. रासायनिक अपघातांविषयीच्या १९९६ च्या नियमांनी नेमलेल्या स्थानिक आपत्ती गटात पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारीही असतो. पण बैठकीला बसतो तो अधिकारी; रात्री अडीच वाजता टँकरसमोर उभा राहतो तो बीटवरचा अंमलदार. इंग्लंड-वेल्समध्ये नव्या शिपायाला एकट्याने गस्तीवर सोडण्याआधी अनुभवी सहकारी त्याचे प्रत्यक्ष काम पाहून तो तयार असल्याची खात्री करतात. आपल्याकडेही तालमीत गुण द्यायचे तर ते त्या अंमलदारालाच द्यावेत. रोहा, कोलाड, नागोठणे या तिन्ही ठाण्यांच्या अंमलदारांना, आगाऊ सूचना न देता, जुलैतल्या एखाद्या पावसाळी रात्री रिकाम्या टँकरसमोर उभे करावे. गाडी कुठे थांबवली, पाटी किती अंतरावरून वाचली, बिनतारीवर काय सांगितले ते टिपून घ्यावे आणि निकाल त्यांच्या सेवापुस्तकात चढवावा.