दोन तारा, वाट एकच!

मुलांनो, परभणी स्टेशनवर तिकिटाची एकच खिडकी उघडी असली, की रांग किती लांबते! दुसरी उघडली की रांग भराभर सरकते. एक बंद पडली तरी दुसरी चालूच.

संगणकांचेही असेच. त्यांना जोडणारी 'इथरनेट' पद्धत १९७३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडली. पुढे अनेक तारा जोडून एकच वाट करायची युक्ती निघाली; २००० मध्ये तिचे नियम ठरले. एक तार तुटली, तर काम दुसरीवरून चालते.

आता सांगा बरं, एकट्याची फाईल दुप्पट वेगाने येईल का? नाही! तुकड्यांचा क्रम बिघडू नये म्हणून ती बहुधा एकाच तारेवरून जाते. खिडक्या वाढल्या तरी तुमचे तिकीट तेवढ्याच वेळात निघते ना? रांग मात्र सगळ्यांचीच लवकर सरते!