फुटव्यांवर चालत आलेला सुगंध

कांदा, लसूण, आले आणि बटाटा यांना ज्या स्वयंपाकघरात प्रवेश नाही, तेथे चवीचा सारा भार हिंग, जिरे, मिरी आणि हिरव्या पानांवर येतो. व्यापारानिमित्त आग्नेय आशियात स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांना हा भार अधिक जाणवतो. बँकॉकच्या रत्नबाजारात पेढी असलेल्या घराला तेथील बाजारातून तयार वाटण आणता येत नाही. कारण थाई वाटणाचा पाया लसूण, लहान कांदे आणि गलंगल हा आल्याच्या कुळातील कंद, आणि वरून बहुधा झिंग्याची चटणी. परंतु त्याच थाई रसोईची दुसरी बाजू निव्वळ पानांची आहे, आणि ती पाने कंदाला हात न लावता घरच्या कुंडीत वाढविता येतात. यांपैकी बऱ्याच वनस्पतींना बी लागतच नाही. एका रोपाचा तुकडा दुसऱ्या घरी गेला, तेवढ्यानेच त्या शेकडो वर्षे टिकून राहिल्या आहेत.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे आंबेमोहोराचे पान. मलेशिया व इंडोनेशियात त्याला पंदान म्हणतात, श्रीलंकेत रंपे, तर केरळात ते बिर्याणीचे पान म्हणून ओळखले जाते. केवड्याच्याच वंशातील ही वनस्पती आहे, परंतु केवड्याचा सुगंध फुलात, तर हिचा पानात. हिला फुलोरा क्वचितच येतो आणि बी तर धरतच नाही. जंगलातही ती आपोआप पसरलेली आढळत नाही. जेथे माणसाने लावली तेथेच ती आहे. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी तिचे शास्त्रीय वर्णन लिहिले, तेही अंबोन बेटावरून आलेल्या रोपावरून. अंबोन म्हणजे लवंगेच्या व्यापाराचे जुने केंद्र. आपल्याकडे भजी करतात त्या पानओव्याच्या शास्त्रीय नावातही हेच बेट आहे. मसाल्यांच्या गलबतांबरोबर कुंड्यांनीही प्रवास केला, असे मानायला जागा आहे.

तांदळाच्या व्यापाऱ्याला या पानाविषयी आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. बासमतीचा वास ज्या द्रव्यामुळे येतो, त्या २-अॅसिटिल-१-पायरोलिनची ओळख बटरी, लिंग आणि ज्युलियानो या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये पटविली, आणि १९८३ मध्ये तेच द्रव्य या पानातही असल्याचे दाखविले. म्हणजे साध्या कोलमच्या भातात एका पानाची गाठ मारून टाकली, तर येणारा वास ही नक्कल नव्हे. रसायन तेच आहे. अर्थात, घरच्या पातेल्यात जे पाककौशल्य ठरते, तेच दुकानातील पोत्यात फसवणूक ठरते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. कोवळे पान तोडून हुंगले तर फारसा वास येत नाही. ते थोडे कोमेजले किंवा गरम पाण्यात पडले की सुगंध सुटतो. त्यामुळे रोपवाटिकेत पान हुंगून रोप नाकारणाऱ्या ग्राहकाची निराशा अकारण असते.

लागवड सोपी आहे, परंतु घाई तिला मानवत नाही. बाजारातून आणलेले सुटे पान कितीही दिवस पाण्यात ठेवले तरी त्याला मूळ फुटत नाही. खोडाच्या बुंध्याशी येणारा फुटवाच हवा. तो वीतभर झाला आणि त्याच्या तळाशी बारीक मुळ्या दिसू लागल्या की धारदार सुरीने खोडालगत कापून घ्यावा. मुळ्या असतील तर सरळ कुंडीत, नसतील तर बुडखा तेवढा पाण्यात राहील असा पेल्यात ठेवावा. निम्मी माती, उरलेल्यात कोकोपीट व गांडूळखत, आणि तळाला पाणी निघून जाण्याची पक्की सोय असावी. दुपारचे कडक ऊन टाळावे. पहिले दोन-तीन महिने रोप जणू थिजलेले दिसते. त्या काळात ते मेले असे समजून उपटून पाहण्याचा मोह आवरावा. नंतर मात्र बाहेरची, खालची पाने एकेक करून काढावीत आणि मधला कोंब अबाधित ठेवावा. व्याज खर्चावे, मुद्दल मोडू नये, हा पेढीचा नियम येथे शब्दशः लागू पडतो. मधला कोंब तुटला की त्या खोडाची वाढ खुंटते.

गवती चहा महाराष्ट्राला नवा नाही. फरक वापरात आहे. मराठी घरात त्याची पाती चहात पडते. थायलंड-व्हिएतनाममध्ये बुडाचा पांढरट जाड दांडा ठेचून रश्श्यात घालतात. तो दांडा म्हणजे एकावर एक गुंडाळलेले पानांचे देठ होत, कंद नव्हे. तरीही तो जमिनीलगतचा भाग असल्याने चालतो की नाही, हे प्रत्येक घराने आपल्या परंपरेप्रमाणे किंवा महाराजसाहेबांना विचारून ठरवावे. पातीबद्दल असा प्रश्न उद्भवत नाही, आणि सुगंधासाठी पातीही पुरेशी आहे. बाजारातील जुडीतून लागवड करावयाची असल्यास ज्याच्या बुडाची कठीण चकती शाबूत आहे असाच दांडा निवडावा. चकती छाटली असेल तर मूळ फुटणार नाही. वरची पाती वीतभर ठेवून कापावी आणि बूड दोन बोटे पाण्यात ठेवावे. दोन-तीन आठवड्यांत मुळ्या येतात.

व्हिएतनामी कोथिंबीर आपल्याकडे फारशी परिचित नाही, आणि ही उणीवच म्हणावी लागेल. तिचे नाव ‘राऊ राम’. मलेशियात लाक्सा या रश्श्यात हीच पाने असतात. आपल्या कोथिंबिरीशी तिचे नाते नाही, परंतु स्वाद त्याच वळणाचा, किंचित तिखट. वैशाखात आपली कोथिंबीर चार पाने येताच फुलावर जाते, आणि आषाढात कुजते तेव्हा भाव गगनाला भिडतात. राऊ रामला उष्णता आणि ओल दोन्ही मानवतात. तिच्या खोडावर पेरे असतात. पेराखाली कापून पेला भरला की आठवड्याभरात प्रत्येक पेरातून मुळ्या सुटतात. थाई तुळशीचेही असेच, मात्र फुलोरा न आलेली फांदी घ्यावी. ही तुळस आणि आपला सब्जा या एकाच जातीच्या वनस्पती आहेत. पानओव्याला तर पेलाही लागत नाही. फांदी ओलसर मातीत खोचली की झाले. तो मरतो तो बहुधा अतिपाण्याने.

पेल्यात मुळे फोडण्याच्या या पद्धतीत एक धोका मात्र आहे, आणि अहिंसा मानणाऱ्या घराने तो हलका समजू नये. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. सिंगापूरमध्ये यासाठी सरकारी अधिकारी घरे तपासतात व दंड करतात. मुंबईतही महापालिकेचे कर्मचारी मनीप्लांटच्या बाटल्या पाहतात. गाळलेले ताजे पाणी दर दोन दिवसांनी बदलावे, पेला आतून घासून घ्यावा आणि तोंडाला पातळ मलमल बांधावी. नंतर फवारणी करण्यापेक्षा जीवोत्पत्तीच होऊ न देणे कितीतरी श्रेयस्कर. कुंडीखालच्या ताटलीलाही हेच लागू. पर्वतिथीला हिरवे न खाणाऱ्या घरात त्या दिवशी कुंडीला केवळ पाणी घातले जाते, एवढेच.

राहिला कढीपत्ता. त्याच्या फांदीला पेल्यात मुळे फुटतील या आशेने अनेकजण महिनेच्या महिने वाट पाहतात. ती सहसा फुटत नाहीत. जुन्या झाडाच्या मुळांतून वर येणारे पोर मुळासकट वेगळे करावे किंवा पिकलेल्या काळ्या फळातील बी ताजे असतानाच पेरावे.

परदेशी राहणाऱ्या लेकीच्या बॅगेत कढीपत्त्याची जुडी किंवा छोटे रोप ठेवण्याची आईची इच्छा समजण्याजोगी आहे, परंतु ती अमलात आणू नये. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्या कुळातील. या कुळावर जगणारा सिट्रस सायला हा चिमुकला कीटक त्याच्याही पानांवर राहतो आणि संत्र्याच्या झाडांना ग्रीनिंग हा असाध्य रोग देतो. आपल्या विदर्भातील संत्रा बागायतदारांना ही कीड चांगलीच परिचित आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हा रोग २००५ मध्ये आढळला. तेथील संत्र्याचे उत्पादन २००३-०४ च्या हंगामात सुमारे २४ कोटी पेट्या होते. २०२३-२४ मध्ये ते २ कोटी पेट्यांच्याही खाली आले. वादळांचा त्यात वाटा आहे, पण मुख्य कारण हा रोग. म्हणूनच प्रवाशाच्या सामानातील ताजा कढीपत्ता तेथे जप्त होतो. उलट दिशेलाही कायदा तितकाच कडक आहे. भारतात रोप किंवा फुटवा आणावयाचा तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. बँकॉकहून पंदान पिशवीत घालून आणण्याचे तर कारणच नाही. ते कोकणात आणि केरळात आहे, आणि पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांतही चौकशी केल्यास मिळते.

बी नसलेल्या रोपाचा विमा एकच: ते दोन घरांत असावे. पहिला सशक्त फुटवा व्याह्यांकडे किंवा शेजारी द्यावा, आणि देताना कुंडीवर लावल्याची तारीख लिहावी. दिवाळीनंतर थंडी उतरू लागली की फुटवे काढण्याचे काम थांबवावे. फाल्गुनात ऊब परतल्यावर ते पुन्हा हाती घ्यावे.