मनातली साक्ष

बायबलात दहा आज्ञा आहेत. त्यांतली एक सांगते, की शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये.

बायबलातल्या जुन्या यहुदी कायद्यात एकट्याच्या सांगण्यावरून कोणाला दोषी धरीत नसत. दोन किंवा तीन साक्षीदार लागत. साक्ष खोटी ठरली, तर आरोपीवर यावी म्हणून ती दिली असेल, तीच शिक्षा साक्षीदाराला द्यावी, असा नियम होता.

आपण म्हणाल, 'आम्ही कुठं कोर्टात जातो?' पण कोर्ट मनातही भरते. समजा, शेजारीण नळावर भेटली आणि बोलली नाही. लगेच मन म्हणते, 'हिला गर्व झालाय.' इथे फिर्यादी आपण, साक्षीदार आपण आणि न्यायाधीशही आपणच! तिचे म्हणणे कोणी ऐकलेच नाही. कदाचित घरी तिचे पोर तापाने फणफणले असेल. पुढे तोच संशय ओठांवर येतो, चार घरी फिरतो. मग तिच्याशी कोणी धड बोलत नाही.

मनात विचार येणारच. पण निकाल देण्याआधी स्वतःला विचारावे : डोळ्यांनी काय पाहिले, आणि मनाने काय जोडले? पाहिले ते एवढेच, की ती बोलली नाही. गर्व आपण जोडला.

खरे काय ते तिलाच विचारावे, 'काय गं, घरी सगळं बरं आहे ना?'