पहिल्या स्टायपेंडचं पहिलं चित्र

चित्रं विकत घेणं हा फक्त कोट्यधीशांचा छंद नाही. आपल्या बजेटमध्येही छोटासा कलासंग्रह सुरू करता येतो. फक्त काही गोष्टी आधी माहीत हव्यात!

खरं सांगू? कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत शिरायचे ती पावसाला आडोसा म्हणून. काही चित्रांखाली लाल टिकली चिकटवलेली दिसायची. मला वाटायचं, याला बक्षीस मिळालेलं असणार. टिकली म्हणजे ‘विकलं गेलं’ हे कळायला वर्ष गेलं आणि किंमत विचारायचं धाडस व्हायला आणखी दोन. विचारलं की घ्यावंच लागेल, ही भीती! तसं काही नसतं. तुम्ही बिनधास्त विचारा. अनेकदा चित्रकार तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो आणि कुणी विचारलं की त्याला आनंदच होतो.

बातमीतले कोटी कुणाचे?

मार्च २०२५ मध्ये एम. एफ. हुसेन यांचं ‘ग्राम यात्रा’ हे चित्र न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्तीजच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. पंढरपुरात जन्मलेल्या आणि मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून दिवस काढलेल्या हुसेन यांनी ते १९५४ मध्ये रंगवलं होतं. त्याच वर्षी एका परदेशी डॉक्टरांनी ते घेतलं, पुढे ऑस्लोच्या हॉस्पिटलला देऊन टाकलं आणि तिथे ते कित्येक दशकं राहिलं. लिलावाचा पैसाही हॉस्पिटललाच मिळाला. हुसेन तर २०११ मध्येच गेले होते.

बाजाराचं गणित इथेच कळतं. चित्र पहिल्यांदा विकलं जातं तो ‘प्रायमरी’ बाजार. गॅलरी आपलं कमिशन कापते आणि उरलेले पैसे चित्रकाराच्या हातात पडतात. घेणाऱ्याने तेच चित्र पुढे विकलं की तो ‘सेकंडरी’ बाजार. लिलाव बहुतेक या दुसऱ्या बाजारात होतात. म्हणजे आपल्याला मथळ्यांमध्ये दिसतात ते कोटी एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाणारे असतात. तुमच्या वयाच्या चित्रकाराचं पुढच्या महिन्याचं कागद-शाईचं बिल निघतं ते पहिल्या बाजारातून, तुमच्या-माझ्या हजार-दोन हजारांतून.

पोस्टातला कलेक्टर

‘आमच्या घरात जागाच कुठे आहे?’ असं म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या हर्ब आणि डोरोथी व्होगेल या जोडप्याची गोष्ट वाचावी. तो पोस्टात कारकून, ती ग्रंथपाल. तिच्या पगारात घर चालायचं, त्याच्या पगारात चित्रं यायची. परवडेल तेच घ्यायचं आणि वन बीएचकेमध्ये मावेल तेच घ्यायचं, एवढेच नियम. नाव न झालेल्या कलाकारांच्या स्टुडिओत जाऊन त्यांनी हजारो कलाकृती जमवल्या. विकून श्रीमंत होता आलं असतं, पण १९९२ मध्ये त्यांनी आपला संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीकडे सोपवायचं ठरवलं.

आपण कुठून सुरुवात करायची?

सगळ्यात सोपी सुरुवात प्रिंटपासून. इथे प्रिंट म्हणजे कलर झेरॉक्स नव्हे. लिनोलियमवर, लाकडावर किंवा धातूच्या पत्र्यावर चित्र कोरून, शाई लावून कागदावर हाताने घेतलेला ठसा. असे मोजकेच ठसे काढतात, म्हणून एकुलत्या एका कॅनव्हासपेक्षा ते बरेच स्वस्त पडतात. खाली पेन्सिलने ‘७/२०’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे वीसपैकी सातवा ठसा. शेजारी चित्रकाराची सही. आर्ट कॉलेजांची वार्षिक प्रदर्शनं चुकवू नका. मुंबईचं जे. जे. असो वा पुण्याचं अभिनव, उद्याचे चित्रकार तिथेच भेटतात.

घेण्याआधी एवढं करा:

• सहा महिने फक्त बघा. घरी आल्यावरही जे आठवत राहतं, तेच आपलं.

• बिल घ्या. त्यावर चित्रकाराचं नाव, चित्राचं शीर्षक, वर्ष, माध्यम आणि आकार हवा. चित्र खरं आहे हे उद्या सांगणारा कागद तोच.

• ‘पाच वर्षांत दुप्पट’ असं कुणी म्हणालं की तिथून निघा. बहुतेक चित्रं लिलावापर्यंत कधी पोहोचतच नाहीत.

• ओल येणाऱ्या भिंतीवर किंवा थेट उन्हात चित्र लावू नका. आपल्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

पाचवी सूचना माझ्या चुकीतून आली आहे. पहिल्या स्टायपेंडमधून मी आर्ट कॉलेजमधल्या मैत्रिणीचं लिनोकट घेतलं, अडीच हजारांना. पावसात लोकलची वाट बघणाऱ्या बायका. फ्रेम मात्र स्वस्तातल्या दुकानात केली. मापात बसावं म्हणून दुकानदाराने कागदाच्या कडा कापल्या. खालच्या कडेसोबत आकडा गेला, सहीसुद्धा गेली. तेव्हा फ्रेमवाल्याला आधीच सांगा, कागद कापायचा नाही, चिकटवायचा नाही.

मैत्रिणीला सांगताना मला रडू येत होतं. ती दोन मिनिटं काहीच बोलली नाही. मग तिने कागद उलटा केला आणि मागे पुन्हा सही केली. ‘विकायला गेलीस तर आता फार काही मिळणार नाही हं,’ ती म्हणाली.

विकणार कोण? रात्री ऑफिसमधून दमून घरी येते आणि त्या लोकलची वाट बघणाऱ्या बायका समोर उभ्या असतात. परवा आईने नीट निरखून विचारलं, ‘ही डावीकडची आपल्या मावशीसारखी दिसते ना गं?’ तीन महिन्यांत मला ते दिसलं नव्हतं.

मैत्रिणीने त्या अडीच हजारांचे नवे लिनोलियम आणि शाई आणली. पुढची प्रिंट तयार होतेय. पहिला ठसा मी सांगून ठेवलाय. या वेळी फ्रेम मात्र तिला विचारूनच!