कृत्रिम पाऊस आणि आपले तलाव

गेल्या पावसाळ्यांत मघा नक्षत्र कोरडें गेलें, तेव्हां आमच्या मंडळाच्या मासिक सभेंत एका सभासदांनीं अशी सूचना मांडिली कीं, बल्लारपूर, राजुरा, मूल व सावली या भागांकरितां सरकारनें विमानानें कृत्रिम पाऊस पाडावा असा अर्ज मंडळातर्फें जिल्हाधिकाऱ्यांकडे जावा, आणि लागल्यास सभासदांनीं त्यासाठीं एकरीं वर्गणीहि द्यावी. सूचनेस टाळ्या पडल्या. आम्हीं मात्र दोन महिन्यांची मुदत मागून घेतली. आमची सारी नोकरी महसुलाच्या कारकुनींत गेली. पैसेवारीचे तक्ते, टंचाईच्या याद्या आणि निस्तारपत्रकांच्या नकला यांवांचून दुसरें शास्त्र आम्हांस ठाऊक नाहीं. तथापि ज्या गोष्टीसाठीं शेतकऱ्याचा पैसा मागितला जाणार, तिचा जमाखर्च तरी आधीं पाहावा, या हेतूनें जें वाचलें व जाणत्यांस विचारिलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम हें सांगणें अवश्य आहे कीं, कृत्रिम पाऊस हें नांवच फसवें आहे. विमान ढग निर्माण करीत नाहीं. शास्त्रज्ञ या क्रियेस मेघबीजन म्हणतात. परंतु आमच्या मतें घरांतील विरजणाचा दृष्टांत अधिक जवळचा आहे. दूध असेल तर विरजणानें दहीं होतें. रिकाम्या मडक्यास विरजण लावून काय होणार? ढगांतील पाण्याचे कण इतके सूक्ष्म असतात कीं ते तरंगत राहतात, खालीं पडण्याइतके जड होत नाहींत. आपल्याकडील उष्ण ढगांत मिठाची अति बारीक पूड सोडली असतां मीठ भोवतालचा ओलावा ओढून घेतें, मोठे थेंब बनतात, आणि ते वाटेंतील लहान थेंबांस आपल्यांत मिळवीत खालीं येतात. थंड ढगांची रीत निराळी. त्यांत पुष्कळ पाणी शून्य अंशाखालीं उतरूनहि गोठत नाहीं. अशा ढगांत सिल्व्हर आयोडाइड या क्षाराचे कण सोडले म्हणजे, त्यांची घडण बर्फाच्या स्फटिकासारखी असल्यामुळें, त्यांभोवतीं हिम धरूं लागतें. अमेरिकेंत व्हिन्सेंट शेफर यांनीं नोव्हेंबर १९४६ मध्यें विमानांतून कोरडा बर्फ टाकून ढगांतून हिम पाडून दाखविलें, आणि त्याच महिन्यांत त्यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांस सिल्व्हर आयोडाइडचा हा गुण सांपडला.

आपल्या देशांतहि ही गोष्ट कालची नव्हे. १९५१ सालीं टाटांच्या संस्थेनें पश्चिम घाटांत जमिनीवरून असा प्रयोग केला होता. पुढें पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें १९७३ ते १९८६ या काळांत बारामतीच्या परिसरांत अकरा पावसाळे विमानानें मीठ फवारून पाहिलें. या प्रयोगाची मांडणी आम्हांस फार आवडली. प्रत्येकीं १,६०० चौरस किलोमीटरच्या तीन पट्ट्या आंखल्या; मधली मोकळी ठेविली; आणि कडेच्या दोहोंपैकीं कोणत्या पट्टींत मीठ सोडावयाचें हें दैवावर, म्हणजे चिठ्ठीसारख्या रीतीनें, ठरविलें. कारण पडलेला पाऊस विमानामुळें पडला कीं मुळांत पडणारच होता, हें एरवीं कोणीं सांगावें? अकरा वर्षांच्या अखेरीस वाढ सुमारें २४ टक्के आली.

राज्य सरकारनें २००३ सालीं हाच उपाय मोठ्या प्रमाणावर केला, तेव्हां रडार बारामतीस आणि आपल्या विदर्भांत शेगांवास होतें. २०१५ सालीं छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हांचें औरंगाबाद, येथून मराठवाड्याकरितां विमानें उडालीं. २०१९ सालीं पुन्हां ३० कोटी रुपये मंजूर झाले. त्याच ऑगस्टांत कोल्हापूर व सांगली पुराखालीं होतीं, आणि आम्हांस आठवतें कीं कित्येक शहाणी माणसें विचारीत होतीं, तिकडचे ढग इकडे कां आणीत नाहींत? विरजणवाल्यास दूध ओढून आणितां येत नाहीं, एवढेंच याचें उत्तर.

आतां हिशेब. त्याच पुण्याच्या संस्थेनें २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूरच्या अवर्षणी भागांत २७६ ढगांचा अभ्यास केला. कांहींत बीजन केलें, कांहीं तसेच सोडले. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, वाऱ्याच्या खालच्या बाजूस कांहीं ठिकाणीं १८ टक्के पाऊस अधिक पडला. सुमारें १०० चौरस किलोमीटरांवर ८.६७ मिलिमीटर, म्हणजे ८६ कोटी ७० लक्ष लिटर पाणी. आणि त्याचा खर्च लिटरमागें १८ पैसे. विमान स्वदेशी असल्यास तो निम्म्याहून खालीं येईल असेंहि त्यांनीं म्हटलें आहे. १८ पैसे ऐकून सभेंतील एक गृहस्थ हंसले आणि म्हणाले, हें तर फुकटच! पिण्याच्या पाण्यास ही किंमत जड नाहीं हें खरें. पण धानाच्या एका एकरास दोन इंच उभें पाणी द्यावयाचें तर सुमारें २ लक्ष लिटर लागतें. त्याचे ३६ हजार रुपये होतात. निम्मे धरिले तरी १८ हजार, आणि तेंहि एकाच पाण्याचे. शिवाय तें पाणी आमच्याच बांधींत पडेल असें नाहीं. रस्त्यावर, नदींत आणि बल्लारपूरच्या कोळशाच्या खाणींवरहि पडेल.

मग जगांत हा उद्योग इतके लोक पैसे खर्चून कां करितात, असा प्रश्न आम्हांस पडला. शोध घेतां असें दिसून आलें कीं, ज्यांचें काम यानें साधतें ते बहुधा डोंगराळ मुलखांतील लोक आहेत. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत हिंवाळ्यांत पर्वतांवर हिम सांचतें, तेंच वसंतांत व उन्हाळ्यांत वितळून नद्यांस, धरणांस व शेतांस मिळतें. म्हणून तेथें पर्वतावरील थंड ढगांत बीजन करून हिमाचा थर वाढवितात. आयडाहो राज्यांत जानेवारी २०१७ मध्यें तीन दिवशीं केलेल्या बीजनानें किती हिम पडलें हें रडारनें व मापकांनीं मोजलें, तें पाण्याच्या रूपानें एकूण सुमारें ७ लक्ष घनमीटर भरलें. वायोमिंग राज्यांतील दीर्घ प्रयोगांत, योग्य अशा वादळांपुरती, वाढ ५ ते १५ टक्के आढळली. ही टक्केवारी बारामतीहून थोडीच आहे. पण तेथील शेतकऱ्यास ती पुरते, कारण पडलेलें पाणी पर्वत स्वतः चार महिने धरून ठेवितो. कोठार तयार आहे, म्हणून त्यांत चार पायल्या अधिक टाकण्यांत अर्थ आहे.

आपल्याकडे सुरजागडच्या डोंगरावर हिम पडत नाहीं. आपलें कोठार तलाव होय, आणि आपल्या पूर्वजांस तें समजलें होतें. चांद्याच्या गोंड राजांच्या आश्रयानें आणि कोहळी लोकांच्या हातानें बांधलेले, मागाहून मालगुजारांनीं राखलेले असे तलाव पूर्व विदर्भांत साडेसहा हजारांहून अधिक मोजले गेले आहेत. आसोलामेंढा व घोडाझरी हे इंग्रजी अमदानींतील मोठे. पण खरी भिस्त गांवोगांवच्या लहान तलावांवर व बोड्यांवर. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत पाऊस एकंदरीनें हजार मिलिमीटरांहून अधिकच पडतो. सोलापुराच्या जवळपास दुप्पट. आपल्यास कमी पडतो तो पाऊस नव्हे. रोवणी झाल्यावर पडणारा पंधरा-वीस दिवसांचा खंड आणि हस्ताची पाठ फिरणें हें आपलें दुखणें आहे. त्या दिवसांत आकाश बहुधा निरभ्र असतें, म्हणजे विमानास बीजन करण्याजोगा ढगच नसतो.

१९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, ती जावयास हवीच होती. परंतु तिच्याबरोबर तलावाचा धनीहि गेला. तलाव सरकारकडे व पुढें जिल्हा परिषदांकडे आले. पाळीवर झुडपें वाढलीं, पोटांत गाळ बसला, कडेनें अतिक्रमणें झालीं. आम्ही नोकरींत असतां एका वर्षीं धान पोटरींत असतांना पाऊस गेला, आणि पटवाऱ्याबरोबर पीक पाहण्यास एका गांवीं जाणें झालें. तलाव अर्धा भरलेला होता; पण पाणी सोडण्याची मोरी, जिला आपल्याकडे तुडूम म्हणतात, फुटलेली, आणि पाणी रात्रंदिवस नाल्यास जात होतें. दुरुस्तीचा अर्ज दोन वर्षें कोणत्याशा कचेरींत पडून होता. आम्ही तक्ता भरीत असतां एक वृद्ध शेतकरी म्हणाला, "बाबूजी, पाणी पडलं नाहीं असं लिहितां, तें बरोबर आहे. पण पडलेलं कुठं गेलं तेंहि लिहा ना." तक्त्यांत कारणाचा रकाना एकच होता. त्यांत आम्हीं 'अपुरा पाऊस' असें लिहिलें, तुडुमाचा उल्लेख केला नाहीं. शेरा लिहिण्यास कागदावर जागा होती, हें आम्हांस आजहि आठवतें.

पंचवीस एकर पाणपसाऱ्याच्या एका तलावांतून दीड फूट गाळ काढिला तर सुमारें साडेचार कोटी लिटर पाण्याची जागा होते. म्हणजे असे एकोणीस तलाव मोकळे केले कीं सोलापुरास आकाशांतून मिळालें तेवढें पाणी धरण्याची सोय झाली. आणि ही सोय एका पावसापुरती नव्हे, पुन्हां गाळ भरेपर्यंत वर्षानुवर्षें राहते. काढलेला गाळ शेतांत जातो तो वेगळाच. याच कामासाठीं सरकारनें २०१७ सालीं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढिली होती.

यावरून मेघबीजन खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पुण्याच्या शास्त्रज्ञांस आपल्या भागांत रडार लावून प्रयोग करावासा वाटला तर मंडळानें त्यांस जागा द्यावी, माणसें द्यावीं. वर्गणी मात्र विमानास देऊं नये. पुढील सभेस येतांना सभासदांनीं आपल्या गांवच्या निस्तारपत्रकाची नक्कल, तलावाच्या पाळीची लांबी, तुडुमाची व सांडव्याची स्थिति आणि अतिक्रमण किती, एवढें लिहून आणावें. नक्कल कशी मागावी हें ज्यांस ठाऊक नसेल त्यांस अर्ज आम्ही लिहून देऊं.

सूचना मांडणारे सभासद आम्हांवर रुष्ट आहेत. त्यांची जमीन राजुऱ्याच्या बाजूस, कापसाची. त्यांच्या शिवारांत तलाव नाहीं, आणि आमच्या या लेखानें त्यांच्या झाडांस एक थेंबहि मिळणार नाहीं हें त्यांचें म्हणणें रास्त आहे. काळ्या जमिनींतील शेततळीं व नाल्यांवरील बंधारे यांचा हिशेब आम्हीं मांडावयास घेतला आहे. तो पुरा होतांच त्यांस आधीं दाखवून मग छापूं.