ताटाला काठ हवा, पण ताट गोलच हवे!

माझी धाकटी नणंद दिवाळीचा फराळ करून विकते. यंदा गिऱ्हाइकांसाठी तिने हौसेने वेबपेज करून घेतले. पण लाडवांच्या ताटांचे फोटो चक्क अंड्यासारखे! दुरुस्तीचे पैसे वेगळे पडणार म्हटल्यावर ती रडवेलीच झाली. "वहिनी, नादच सोडते. जिला ताट गोल दाखवता येत नाही, तिचे लाडू काय वळलेले असणार, म्हणतील लोक!"

शाळेत अर्धवेळ शिकवताना माझी संगणकाशी थोडी तोंडओळख झाली होती. म्हटले, आपणच बसू या.

मैत्रिणींनो, गोम अगदी साधी निघाली. वेबपेजवर प्रत्येक चित्राची जागा मुळात चौकोनी असते. 'बॉर्डर-रेडियस' ५० टक्के लिहिले की कोपरे गोल होतात. मात्र उंची आणि रुंदी सारखी असेल तरच वर्तुळ, नाहीतर अंडे! आम्ही दोन्ही मापे २०० पिक्सेल केली. ताट गोल झाले, पण आतले लाडू उभट! आडवा फोटो चौकोनात दाबून बसला होता. 'ऑब्जेक्ट-फिट'पुढे 'कव्हर' लिहिले. कडेचा थोडा भाग कापला गेला, पण लाडू लाडवासारखे दिसू लागले.

मग काठाची हौस. 'सॉलिड' म्हणजे सलग रेघ, 'डॅश्ड' म्हणजे धावदोऱ्यासारखी तुटक, 'डॉटेड' म्हणजे ठिपके, 'डबल' म्हणजे दुहेरी. दुहेरीला जाडी निदान ३ पिक्सेल हवी. दोन रेघा आणि मधली फट. आम्ही १० पिक्सेलचा सलग डाळिंबी काठ दिला आणि काय! तिसरे ताट खालच्या ओळीत घसरले.

हिशेब केला. ओळीत जागा ६०० ची. काठ दोन्ही बाजूंना १०-१० वाढल्याने एकेक ताट २२० चे, म्हणजे तिन्ही मिळून ६६०! रुमालाला बाहेरून लेस लावली की रुमाल वाढतो. कड आत दुमडली तर माप तेच राहते. इथे आत दुमडायची युक्ती म्हणजे 'बॉक्स-सायझिंग'पुढे 'बॉर्डर-बॉक्स' लिहायचे. काठ मापातच बसतो.

ही नावे अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. एक अक्षर चुकले तरी काही बिघडत नाही, फक्त काठ दिसत नाही. तेव्हा पैसे मोजण्याआधी एकदा स्वतः करून पाहाच.

दुसऱ्या दिवशी बघते तर डाळिंबी काठ मोरपिशी झालेला. नणंदबाईंनी मला विचारलेसुद्धा नव्हते!