चाकावरची काळी पूड
घाटकोपर ते मुलुंड एलबीएस मार्गावर पावलोपावली ब्रेक लागतो. दर वेळी पॅड आणि बिडाची डिस्क झिजते. त्यातले तापलेले लोहकण अलॉय चाकाच्या लॅकरला चिकटतात. पुढची चाकं आधी काळवंडतात, कारण ब्रेकचा जास्त भार त्यांच्यावर. पाऊस धुऊन नेईल, असं म्हणणारे भेटतात. पण ओलाव्यात हेच कण गंजतात आणि त्यांचे तांबूस ठिपके रुततात. चाकावर लावायचं सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग पूड थांबवत नाही, हा आक्षेप खरा. ते फक्त तिची पकड सैल करतं, मग साध्या शाम्पूवर भागतं. सीलंट काही महिनेच टिकतं, सिरॅमिक त्याहून जास्त, म्हणून रोज गर्दीत अडकणाऱ्या गाडीला महागडं कोटिंगच परवडतं. मात्र आधी लोहकण काढणारं द्रावण फवारून, ते जांभळं होऊन ओघळलं की चाक स्वच्छ धुवायचं. कोटिंगचा थेंबही डिस्कवर नको.